केळीच्या बागेत उभा असलेला एकटा माणूस
(रावेर येथील भाषणातून)

शेजारच्या यावल तालुक्यातील सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ने (१९६३) खानदेशी तरुणाचे एकाकीपण मराठीत आणले. पण एकाकीपण केवळ मनाचेच असते काय? सार्त्रने १९६० च्या आपल्या ग्रंथात बसच्या रांगेचा दाखला दिला आहे: माणसे शेजारी उभी, तरी प्रत्येक एकटा, कारण जागा मोजक्या. आपला केळी उत्पादकही असाच रांगेत उभा आहे. घड कापणीला आले की थांबता येत नाही, आणि भाव दुसराच ठरवितो. संघटनेवाचून त्याचे स्वातंत्र्य पोकळ, हे मार्क्सवादाचे सांगणे खरेच आहे. परंतु १९५६ मध्ये हंगेरीत सोव्हिएत रणगाडे शिरले, तेव्हा याच सार्त्रने निषेध केला. संघटनेनेच माणूस गिळला, तर क्रांती कोणासाठी? ही दोन्ही सत्ये एकत्र धरून ठेवणे, हाच द्वंद्वात्मक विचार होय.