भूमीतून लाभलेल्या धातुप्रतिमांचे जतन



वडोदऱ्यालगतच्या अकोटा येथे, प्राचीन अंकोट्टक नगरीच्या भूमीत, १९५१ च्या सुमारास ६८ जैन धातुवस्तूंचा निधी हाती लागला. डॉ. उमाकांत प्रेमानंद शाह यांनी त्याचा सखोल अभ्यास करून १९५९ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील मुकुटधारी जीवंतस्वामींची प्रतिमा विद्वज्जनांस सुपरिचित आहे. एका प्रतिमेवर जिनभद्र वाचनाचार्य हे नाव कोरलेले आढळले. विशेषावश्यकभाष्याचे कर्ते जिनभद्रगणी क्षमाश्रमण ते हेच, असे शाह यांनी प्रतिपादिले. केवढे मोल त्या चार अक्षरांचे! कोणी भाविकाने चिंच-राखेने ती प्रतिमा लखलखीत केली असती, तर हे नाव कायमचे पुसले गेले असते.

तांब्याच्या मिश्रधातूची प्रतिमा शतकानुशतके मातीत राहिली की मातीतील क्षार, विशेषतः क्लोराईड, धातूच्या अंतरंगात शिरतात. भूगर्भात हा व्यवहार बहुधा मंदावलेला असतो. वस्तू वर येताच दमट हवेने तो क्षार जागा होतो. फिकट हिरवी भुकटी उमटते, त्याच क्रियेत आम्ल उत्पन्न होते आणि ते उरलेल्या धातूस ग्रासते. यास कांस्यरोग म्हणतात. घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवा थर मात्र रोग नव्हे. तो धातूचे कवच आहे आणि तो खरवडणे हे मोठेच अज्ञान होय. दुर्दैवाने भक्तीच्या पोटी हेच अधिक घडते.

संरक्षण-रसायनज्ञ भिंगाखाली सूक्ष्म हत्यारांनी माती व भुकटी काढतात, सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या द्रावणात वस्तू दीर्घकाळ ठेवून क्लोराईड उतरवतात, बेंझोट्रायझोलचा उपचार करून वर पातळ लेप देतात. तरीही पुढे कोरड्या हवेची काळजी घ्यावीच लागते. काचेच्या कपाटात सिलिका जेल ठेवतात ते याचसाठी. लखनौ येथे १९७६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधान प्रयोगशाळा याच शास्त्रास वाहिलेली आहे.

मंदिराचा पाया खणताना प्रतिमा निघाल्यास जलाभिषेकाची घाई करू नये. आहे त्या स्थितीत छायाचित्र घ्यावे, माती तशीच राहू द्यावी, कोरड्या जागी ठेवावी. १८७८ च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांवरील मोलाची पुरलेली वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविण्याचे बंधन घातले. दहा रुपयांत आज वीतभर कापडही येत नाही, हा भाग निराळा.