शुश्रूषा करणाऱ्याच्या पाठीशी कोण?
(घाटकोपर येथील भाषणाचे शब्दांकन)



२६ जुलै २००५ ची दुपार घाटकोपरकर विसरणे शक्य नाही. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, मध्य रेल्वे जागच्या जागी थिजली आणि सकाळी फोर्टात, परळला, अंधेरीला कामावर गेलेली माणसे कमरेएवढ्या पाण्यातून, रुळांवरून चालत मध्यरात्री किंवा दुसऱ्या दिवशी घरी पोचली. त्या प्रलयात किती जीव गेले, किती दुकाने बुडाली, याचे हिशेब झाले. चौकश्या झाल्या, समिती नेमली गेली. एक हिशेब मात्र कोणी मांडला नाही. पंतनगरात, भटवाडीत, असल्फ्याच्या डोंगरउतारावर त्या रात्री अशी किती बिऱ्हाडे असतील, जिथे अंथरुणाला खिळलेला एक जीव घरात होता आणि त्याला पाणी पाजणारा दुसरा जीव दादरच्या फलाटावर अडकून पडला होता?

शेजाऱ्यांनी कुलूप तोडले असेल. मुंबईचे शेजारी तेवढे माणुसकीचे नक्कीच आहेत. पण दार उघडून आत गेल्यावर पुढे काय? गोळी कोणती, ती तोंडाने द्यायची की नळीतून, कुशीवर वळवताना कोणता हात सांभाळायचा, हे सारे एकाच माणसाच्या डोक्यात साठवलेले. आणि तो माणूस तिथे नाही.

हे घडायला प्रलयच यावा लागतो असे नाही. शुश्रूषा करणारी गृहिणी न्हाणीघरात घसरते आणि तिचेच मनगट मोडते. तिची आई साताऱ्याला अत्यवस्थ असल्याचा फोन येतो. डॉक्टर तिलाच शस्त्रक्रियेची तारीख देतात आणि ती तारीख ती तीनदा पुढे ढकलते. तिच्या जागी उभे राहायला कोणी नसते, एवढेच त्यामागचे कारण. २०२० च्या टाळेबंदीत तर हजारो घरांतल्या मावश्या आणि ब्यूरोकडून येणाऱ्या परिचारिका एका दिवसात यायच्या बंद झाल्या आणि बारा तासांची पाळी चोवीस तासांची झाली.

आपल्या पूर्वजांनी या माणसाचे महत्त्व ओळखले नव्हते असे नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या अंगी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता हे चार गुण असावेत, असेही तेथे सांगितले आहे. चौथऱ्याचा एक पाय म्हणून ज्याची गणना झाली, तो परिचारक आज आपल्या विचारातून संपूर्ण निसटला आहे. वैद्यासाठी महाविद्यालये, औषधासाठी कारखाने, रोग्यासाठी विमा, आणि परिचारकासाठी? 'तिचे मोठे कौतुक आहे हो,' एवढे एक वाक्य. 'शुश्रूषा' या शब्दाचा मूळ अर्थच ऐकण्याची इच्छा असा आहे. जी रात्रंदिवस शुश्रूषा करते, तिचे ऐकण्याची इच्छा कोणाला आहे?

मुंबईतलेच एक उदाहरण पाहू. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी पाशवी हल्ला झाला. १८ मे २०१५ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. मधली जवळजवळ बेचाळीस वर्षे केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. इतकी वर्षे खाटेवर असूनही त्यांना शय्याव्रण झाले नाही, ही गोष्ट दयामरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोरही आली. या निष्ठेला वंदन केलेच पाहिजे. पण वंदन करताना एका गोष्टीकडे आपले दुर्लक्ष होते. ते हात बदलत होते. सकाळची परिचारिका दुपारी घरी जात होती, दुपारची रात्री. पिढ्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या. प्रेम अखंड राहिले, कारण श्रम वाटले गेले. तेच काम घाटकोपरच्या दोन खोल्यांत एकटी सून, एकटी पत्नी किंवा निवृत्त झालेला एकटा पती करतो, तेव्हा त्याला पाळी नसते, साप्ताहिक सुटी नसते आणि अर्ज करायला वरिष्ठही नसतो.

यात भार कोणावर अधिक आहे, हे सांगायला आकडे लागत नाहीत. तरीही सरकारी आकडे उपलब्ध आहेत. केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालवापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील कोणाची ना कोणाची काळजी घेतात. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के आहे. त्यासाठी स्त्रीची दिवसाला १४० मिनिटे जातात, पुरुषाची ७४. यात मुलांचे संगोपनही आले, हे खरे. पण पुढचे चित्र वृद्धांचेच असणार. साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. या रोगात रुग्ण चालता-फिरता असतो, रात्री दार उघडून बाहेर पडतो, आणि सांभाळणाऱ्याला डोळा मिटता येत नाही.

येथे थोडे कटू बोलणे भाग आहे. आपल्या कुटुंबव्यवस्थेचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. पाश्चात्त्य देशांत म्हातारी माणसे संस्थेत टाकतात, आपण घरी सांभाळतो, हे वाक्य आपल्या बैठकांत, व्याख्यानांत नेहमी ऐकू येते. पण 'आपण' म्हणजे कोण? चार भावांच्या घरात आई एकाकडे असते आणि त्याच्याही घरात ती एकीच्याच हाती असते. उरलेले तिघे दिवाळीला येतात, फळे आणतात, औषधांविषयी सूचना करतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. एकत्र कुटुंबाचा गौरव करणाऱ्या पुरुषांपैकी किती जणांनी वडिलांचे अंथरूण बदलले आहे, याचे उत्तर प्रत्येकाने स्वतःशी द्यावे. दुसरी बाजूही अशीच. थकलेली सून दहा दिवसांसाठी सासऱ्यांना एखाद्या शुश्रूषा केंद्रात ठेवण्याचा विचार बोलून दाखवते, तेव्हा 'टाकायला निघाली' हा शब्द घरातूनच येतो. दहा दिवसांची विश्रांती आणि कायमचा त्याग यांत फरक आहे, तो आपण करत नाही. त्यामुळे ती विचारायचेच थांबते आणि एके दिवशी तीच रुग्णालयात दाखल होते. मग दोघांचीही शुश्रूषा करायची कोणी?

ज्यांना आपण कुटुंबहीन म्हणतो, त्या देशांनी या प्रश्नाचा विचार मात्र केला. जर्मनीत १९९५ पासून शुश्रूषा विमा आहे. घरचा सांभाळणारा आजारी पडला किंवा रजेवर गेला, तर बदली माणसाचा किंवा अल्पकाळ केंद्रात ठेवण्याचा खर्च त्यातून मिळतो. जुलै २०२५ पासून त्यासाठी वर्षाला ३,५३९ युरोंची एकत्रित रक्कम ठरली आहे. जपानने २००० साली असाच विमा आणला. ब्रिटनमधील अनेक स्थानिक परिषदा सांभाळणाऱ्याला खिशात ठेवायचे एक कार्ड देतात. तो रस्त्यात कोसळला, तर घरी कोणीतरी त्याच्यावर अवलंबून आहे, हे कार्डावरून कळते आणि आधी लिहून ठेवलेल्या व्यक्तींना फोन जातो. कल्पना किती साधी!

आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा मुलांना निर्वाह द्यायला भाग पाडतो. सांभाळणाऱ्या मुलाच्या विश्रांतीविषयी तो गप्प आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विनावेतन सांभाळ करणाऱ्या आईवडिलांना व कुटुंबीयांना प्रथमच 'काळजीवाहक' ही व्याख्या दिली आणि कलम २४ मध्ये मोठ्या आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख केला. परंतु 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' ही पळवाट ठेवूनच. राष्ट्रीय न्यासाची 'समर्थ' योजना अल्पकालीन निवासाचा विचार करते, पण न्यासाचे क्षेत्र स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता एवढेच आहे. पक्षाघाताने पडलेले आजोबा त्यात बसत नाहीत. कर्करोगाच्या बाबतीत वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून आणि पुण्यात वारज्याचे सिप्ला फाउंडेशनचे केंद्र १९९७ पासून मोलाचे काम करीत आहे. परळची नाना पालकर स्मृती समिती बाहेरगावच्या रुग्णांबरोबर त्यांच्या नातेवाइकांनाही आसरा देते. म्हणजे सोबत आलेल्या माणसाचाही विचार करावा लागतो, हे आपल्याच कार्यकर्त्यांना फार पूर्वी उमगले होते. प्रश्न आहे तो घरच्या घरी, वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्यांचा.

केरळने यासाठी वस्ती हाच पाया मानला. मलप्पुरम जिल्ह्यात शेजाऱ्यांचे जाळे उभे राहिले. आठवड्यातून किमान दोन तास देणारे स्वयंसेवक, त्यांना रीतसर प्रशिक्षण आणि मागे डॉक्टर-परिचारिकांचे पथक. २००८ मध्ये राज्य सरकारने त्याचे धोरण केले. आठवड्याला दोन तास! आपल्या कार्यकर्त्याला ही अट अवघड वाटण्याचे कारण नाही.

घाटकोपरमध्ये व्हीलचेअर, वॉकर, पाण्याची गादी अल्प अनामतीवर देणारी मंडळे पाहायला मिळतात. वस्तू उसनी देता येते, तसा माणूसही चार रात्रींसाठी उसना देता यावा. त्याकरिता प्रथम आपल्या इमारतीत, चाळीत अशी घरे किती, हे ठाऊक हवे. उद्वाहक नसलेल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरून रुग्ण खाली आणायला चार खांदे लागतात; डोंगरावरच्या गल्लीत रुग्णवाहिका चढत नाही. ते चार जण कोण, हे आधी ठरलेले असावे. प्रत्येक घरामागे दोन शेजाऱ्यांनी एखादी दुपार त्या घरात बसून सारे शिकून घ्यावे. त्यांतला एक पुरुष असावा, हा आग्रह धरायला हरकत नाही. भावंडांनीही वर्षाचे पंधरा दिवस आपसात वाटून घ्यावेत, आणि ते आधी दिनदर्शिकेवर लिहावेत.

आणि एक कागद. त्यावर रुग्णाचे नाव, आजार, गोळ्या व त्यांच्या वेळा, कशाची बाधा होते, डॉक्टरांचा क्रमांक, जवळचे रुग्णालय, दुसरी किल्ली कोणाकडे, त्याला कोणत्या नावाने हाक मारली की तो शांत होतो, हे सारे ठळक अक्षरांत लिहून तो फडताळाच्या आतल्या बाजूस चिकटवावा. त्याची घडी केलेली प्रत सांभाळणाऱ्याच्या पाकिटात राहू द्यावी. कागदाच्या शेवटी 'मी परतलो नाही तर आज रात्री इथे कोण झोपेल?' असा प्रश्न लिहून पुढे जागा सोडावी. ती जागा आज बहुतेक घरांत रिकामी राहील. सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत वाहनतळाचा विषय संपला की, हा विषय घ्यावा.