पोटखराबा
(सोसायटीच्या वर्धापनदिनी, सत्यनारायणाच्या पूजेनंतर केलेले भाषण)



चहा-भजी तयार आहेत हे मला वासावरून कळतंय. लांबवत नाही.

नोकरीची बरीच वर्षं मी पालघर-बोईसर भागातच काढली. शेतकरी कर्जाला यायचा, सातबारा पुढे ठेवायचा. त्यात 'पोटखराबा' लिहिलेला असे. म्हणजे ओहोळ, खडक, पडीक तुकडा. तेवढं क्षेत्र वजा करायचं आणि उरलेल्यावर कर्जाचा हिशेब मांडायचा. वरकस, म्हणजे आपल्याकडची गवताची जमीन, तिचीही किंमत आम्ही नावापुरतीच धरायचो.

खरं तर एके काळी हा मुलूख गवतावर जगला. इथलं गवत गाठी बांधून मुंबईच्या तबेल्यांना जायचं. १९४५ साली वारल्यांनी गवतकापणीच्या मजुरीसाठी संप केला. ५०० पौंड गवताला अडीच रुपये, एवढीच मागणी. गोदावरी परुळेकर त्यांच्या पुढारी होत्या. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, पाच माणसं गेली. आणि तेच गवत आमच्या लेखी बिनकामाचं!

आता पाण्याचं. आपल्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही चार महिन्यांत. उतारावर गवत असलं की त्याच्या मुळांच्या जाळ्यात पाणी अडतं, मुरतं, आणि पावसाळा सरल्यावरही ओहोळाला झिरपत राहतं. गवत गेलं की तेच पाणी चार तासांत खाडीकडे. यावर 'झाडं लावा' म्हणणारे भेटतात. झाडं मलाही आवडतात, पण गवताच्या माळावर दाट झाडं लावली तर सावलीत ते गवतच मरतं.

आपल्या मागच्या ओहोळाची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. काठ मुरूम टाकून भरला, वर पेव्हर ब्लॉक बसवले, पार्किंग झालं. तेव्हा सेक्रेटरी मी होतो. ठरावावर सही माझी आहे. आज जुलैत सी विंगच्या गाड्या पाण्यात असतात आणि मार्चमध्ये बोअर धापा टाकते, टँकर येतो.

दोन वर्षं पंपरूममागचा तुकडा मी माळ्याला बी पडेपर्यंत कापू दिला नाही. घाणेरी मुळासकट उपटली, जाळलं काही नाही. काहींनी 'साप येतील' म्हणून तक्रारही केली. मागच्या दिवाळीत आपल्या वॉचमनची आई आली होती. तरुणपणी कापणीला जायची. ती म्हणाली, "हा मारवेल, ही कुसळी. साहेब, हे तर आमचंच गवत." मी सातबारे वाचण्यात केस पांढरे केले, पण गवताचं एक नाव मला येत नव्हतं.

आता रौप्यमहोत्सवी निधीतून ओहोळाचा तळ आणि काठ काँक्रीटचा करायचा ठराव येतोय. माझी विनंती, तो थांबवा. त्याऐवजी काठाचे दोन मीटर ब्लॉक काढू. ऑक्टोबरात गोणींचा वनराई बंधारा घालू. गवत नोव्हेंबरात, बी पडल्यावर कापून तबेल्याला देऊ. एवढ्यानं टँकर लगेच बंद होईल असं मी म्हणणार नाही. बँकवाला आहे, खोटं व्याज सांगत नाही.

मुरूम कुठपर्यंत टाकला ते मला पक्कं आठवतं, गाड्या मीच मोजल्या होत्या. सभेच्या आधी एखाद्या रविवारी सकाळी खाली या, दाखवतो.