प्राचीन ग्रीक चिंतनातील संपत्ती आणि न्याय



इ. स. पूर्व ३९९ मध्ये अथेन्सच्या न्यायालयाने सॉक्रेटिसला देहदंड दिला. त्याचा शिष्य प्लेटो तेव्हा ऐन तारुण्यात होता. जेथे न्यायी मनुष्यच अपराधी ठरतो, तेथे न्याय म्हणजे तरी काय, या प्रश्नाने त्याला आयुष्यभर सोडले नाही. 'रिपब्लिक' हा ग्रंथ त्याच प्रश्नाचा शोध आहे.

प्लेटोचे निदान स्पष्ट आहे. सत्ता आणि संपत्ती एका हाती आल्या की रक्षकच भक्षक होतो. म्हणून राज्याच्या रक्षकांनी स्वतःची जमीन वा सोने-चांदी बाळगू नये. एकत्र राहावे, एका पंक्तीस जेवावे आणि वर्षाच्या निर्वाहापुरतेच नागरिकांकडून घ्यावे. हे बंधन शेतकऱ्यांवर व कारागिरांवर नाही, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. त्यांची मालमत्ता त्यांच्याकडेच राहते. राज्यात अतिश्रीमंती आणि दारिद्र्य यांचा शिरकाव होऊ नये, एवढेच पाहावयाचे. उतारवयात लिहिलेल्या 'लॉज' या ग्रंथात तर प्लेटोने प्रत्येक कुटुंबास जमीन दिली आणि मूळ वाट्याच्या चौपटीपर्यंत संपत्तीची मर्यादा घातली.

ॲरिस्टॉटल वीस वर्षे प्लेटोच्या अकादमीत राहिला, तरी येथे त्याने गुरूची वाट सोडली. जे सर्वांचे असते त्याची निगा कोणीच नीट राखत नाही, असे त्याचे निरीक्षण. शिवाय स्वतःचे काहीच नसेल तर मनुष्य देणार काय? औदार्य हा गुणच नाहीसा होईल. यास्तव मालकी खाजगी असावी, उपयोग मात्र समाईक व्हावा. स्पार्टात एकमेकांचे घोडे व कुत्रे आपलेच समजून वापरीत, हे उदाहरण तो देतो.

फॅलिअस नावाच्या विचारवंताने जमिनीच्या समान वाटणीचा पुरस्कार केला होता. ॲरिस्टॉटलचे त्यावर म्हणणे असे, की जमिनीपेक्षा वासनांना समतेचे वळण लावणे अधिक अगत्याचे. कारण थंडीपासून बचाव व्हावा म्हणून कोणी जुलमी राजा होत नाही. मोठे अपराध गरजेपोटी नव्हे, हव्यासापोटी घडतात.

मात्र माणसालाही मालमत्ता मानणाऱ्या गुलामगिरीचे याच तत्त्वज्ञाने समर्थन केले. हा त्याच्या न्यायविचारावरील मोठाच डाग होय. इ. स. पूर्व ३२२ मध्ये तो निवर्तला. डायोजिनीस लेर्शियस या चरित्रकाराने त्याचे मृत्युपत्र जतन केले आहे. आपली सेवा केलेल्या दास-मुलांपैकी कोणासही विकू नये, योग्य वयाचे झाल्यावर पात्रतेनुसार त्यांना मुक्त करावे, असे त्यात नमूद आहे.