पदवीचा कस

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात शिक्षणसमितीच्या वतीने केलेले भाषण)



शिक्षणसमितीच्या चिटणिसांनी आम्हांस आज बोलावयास सांगितले, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. बारावीचे निकाल लागून प्रवेशाचे दिवस आले म्हणजे आपल्यांपैकी अनेक पालक आमच्याकडे येतात. मुलाने इलेक्ट्रिकलला जावे की कॉम्प्युटरला, हा त्यांचा पहिला प्रश्न. आणि कॉलेज कोणते चांगले, हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नास आम्ही पुष्कळ वर्षे चुकीचे उत्तर देत आलो. ते आज आपणा सर्वांसमक्ष दुरुस्त करावे, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

आपल्या वाडवडिलांचा धंदा सोन्याचा. आज फुंकणी घेऊन शेगडीपुढे बसणारी घरे थोडी उरली असली, तरी कसोटीचा काळा दगड अद्याप पुष्कळांच्या देवघरात आहे. पेढी कितीही जुनी असो, दुकानात आरसे कितीही लावलेले असोत, आपली वडील मंडळी डाग हाती घेत, दगडावर घासत आणि मगच बोलत. कस डागाचा लागतो, पेढीचा लागत नाही, हे आपल्या घरी लहान मुलासही ठाऊक होते. २०२१ सालापासून सरकारने हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा केला, तोही ह्याच न्यायाने प्रत्येक डागावर स्वतंत्र उमटतो. सोन्याच्या बाबतीत इतके चोखंदळ असलेले आपण मुलाच्या पदवीच्या बाबतीत मात्र पेढीची पाटी वाचून परत येतो. आम्हीही तसेच आलो होतो.

आमच्या थोरल्या बंधूंच्या चिरंजीवास विद्युत् अभियांत्रिकीस घालावयाचे ठरले, तेव्हा महाविद्यालय पाहावयास आम्हीच गेलो. इमारत प्रशस्त होती, वसतिगृह नीटनेटके होते, आणि फाटकावर 'मानांकित महाविद्यालय' अशी ठळक अक्षरे होती. तेवढ्यावर आमचे समाधान झाले. मुलगा हुशार, पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला आणि पुढे कुवेतमध्ये चांगल्या नोकरीस लागला. २०१८ साली त्या देशाने असा नियम केला की, अभियंता म्हणून राहण्याचा परवाना नवा करावयाचा, तर तेथील अभियंत्यांच्या संस्थेचा दाखला हवा. आणि भारतीय पदवीधरांच्या बाबतीत तो दाखला आपल्याकडील राष्ट्रीय मानांकनाच्या यादीवर अवलंबून राहिला. तेव्हा शोध करता उलगडा झाला. त्या महाविद्यालयाचे मानांकन होते खरे, पण ते इलेक्ट्रॉनिक्सच्या शाखेस. विद्युत् शाखेची मुदत आमच्या पुतण्याच्या उत्तीर्ण होण्यापूर्वीच संपली होती आणि ती पुन्हा मिळविलेली नव्हती. परवान्यावरील 'अभियंता' हा शब्द जाऊन तेथे 'पर्यवेक्षक' आला. त्याने आम्हांस कधी बोल लावला नाही. पण फाटकावरची अक्षरे वाचून परत फिरलो ते आम्ही होतो, हे आम्ही विसरलो नाही.

म्हणून प्रथम शब्दांचा घोळ काढून टाकू. महाविद्यालयावर निरनिराळे शिक्के असतात. विद्यापीठाची संलग्नता म्हणजे पदवी त्या विद्यापीठाची मिळेल. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता म्हणजे अभ्यासक्रम चालविण्याची व ठराविक संख्येने विद्यार्थी घेण्याची परवानगी. ही परिषद १९४५ साली स्थापन झाली व १९८७ च्या कायद्याने तिला वैधानिक अधिकार मिळाले. 'नॅक'ची श्रेणी ही सबंध संस्थेची असते. मानांकन ह्या सर्वांहून वेगळे. राष्ट्रीय मानांकन मंडळ, ज्यास सर्वजण 'एनबीए' म्हणतात, ते १९९४ साली तंत्रशिक्षण परिषदेने स्थापिले आणि २०१० पासून स्वायत्तपणे काम करू लागले. ते एकेका अभ्यासक्रमास, ठराविक वर्षांपुरते मानांकन देते. एकाच छपराखाली कॉम्प्युटर शाखेस ते असेल, इलेक्ट्रिकलला नसेल. गतवर्षी असेल, यंदा संपले असेल.

ही पद्धत मूळची अमेरिकेची. तेथे १९३२ साली अभियंत्यांच्या व्यवसायसंस्थांनी एकत्र येऊन एक परिषद स्थापिली व १९३६ पासून अभियांत्रिकी अभ्यासक्रमांची तपासणी सुरू केली. तीच संस्था आज 'एबेट' या नावाने ओळखली जाते. विद्युत् व संगणक अभियांत्रिकीचे निकष ठरविण्यात तेथे 'आय-ट्रिपल-ई' ही अभियंत्यांची संस्था पुढाकार घेते. म्हणजे अभ्यासक्रमाची परीक्षा त्याच धंद्यातील जाणते घेतात. सोन्याची पारख सोनारानेच करावी, तशी ही रीत. १९८९ साली अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व आयर्लंड या सहा देशांतील मानांकन-संस्थांनी वॉशिंग्टन करार केला आणि एकमेकींनी तपासलेले अभ्यासक्रम तुल्य मानण्याचे ठरविले. भारताचे मंडळ जून २०१४ मध्ये त्या कराराचे पूर्ण सभासद झाले. यात एक मेख आहे. आपले मंडळ संस्थांच्या दोन श्रेणी मानते. पहिलीत विद्यापीठांचे विभाग व स्वायत्त संस्था, दुसरीत संलग्न महाविद्यालये. कराराचा लाभ पहिल्या श्रेणीतील मानांकित अभ्यासक्रमांसच आहे. ज्यांच्या मनात मुलांना परदेशी पाठविण्याचे आहे, त्यांनी हे आधीच जाणून घ्यावे.

तपासणी होते कशी? महाविद्यालय प्रथम आपला स्वयंमूल्यांकन अहवाल सादर करते. मग बाहेरचे तज्ज्ञ प्रत्यक्ष येतात. प्रयोगशाळेतील यंत्रे चालतात की केवळ मांडून ठेविली आहेत, अध्यापक पुरेसे आहेत की नाहीत, प्रश्नपत्रिका विद्यार्थ्याच्या पाठांतराची परीक्षा घेते की बुद्धीची, हे ते पाहतात. उत्तरपत्रिका व प्रकल्प चाळतात. विद्यार्थी, माजी विद्यार्थी, नोकरी देणारे आणि पालक यांच्याशीही बोलतात. शेवटी प्रश्न असतो तो हा, की येथून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यास काय करता येते? अमेरिकेतील निकषांत विद्युत् व संगणक या दोन्ही शाखांस संभाव्यता व संख्याशास्त्र आवश्यक मानले आहे, आणि संगणक अभियांत्रिकीस त्याखेरीज डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स. पालकांनी अभ्यासक्रमाची पुस्तिका उघडून एवढे जरी पाहिले, तरी पुष्कळ उमगेल.

आता या शिक्क्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. नाहीतर एका अंधश्रद्धेच्या जागी दुसरी बसवू. मानांकन अभ्यासक्रमाचे असते, विद्यार्थ्याचे नसते. मानांकित शाखेतूनही आळशी मुलगा कोराच बाहेर पडतो, आणि मानांकन नसलेल्या शाखेतून उत्तम अभियंते निघालेले आहेत. १९९४ पूर्वी पदवी घेतलेल्यांस तर हे मानांकन मिळणे शक्यच नव्हते. तेवढ्यावरून त्यांची विद्या हिणकस ठरत नाही. तसेच नव्या शाखेच्या दोन तुकड्या उत्तीर्ण होईपर्यंत ती मानांकनासाठी पात्रच होत नाही. म्हणून आज जागोजागी निघालेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शाखांपाशी मानांकन नसेल, तर तेवढ्यावरून दोष देता येणार नाही. मात्र 'शेजारच्या कॉम्प्युटर शाखेस आहे, म्हणजे आम्हांसही आहेच,' असे कोणी सांगेल, तर ते मानू नये. आणि कुवेतमध्ये झाले तसे परदेशाचे नियम आयत्या वेळी बदलतात. त्यांवर आपला ताबा नाही. आपल्या हाती आहे ते एवढेच, की डाग घेण्यापूर्वी तो दगडावर घासून पाहावा.

तो घासावा कसा, तर प्रवेशापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. नेमक्या कोणत्या शाखेस मानांकन आहे? कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत? आणि संस्था कोणत्या श्रेणीत मोडते? उत्तर तोंडी घेऊ नये. मंडळाचे पत्र पाहावे, आणि मंडळाच्या संकेतस्थळावरील यादीशी ते ताडून घ्यावे. मुलगी वा मुलगा चार वर्षे शिकणार, म्हणून मुदत मध्येच संपत असल्यास पुढील तपासणीची तयारी काय आहे, हेही विचारावे. विचारण्यात संकोच कसला? ज्या महाविद्यालयास या प्रश्नांचा राग येईल, त्याचे उत्तर त्या रागातच मिळाले असे समजावे.

शिक्षणसमितीपुढे आमची एक सूचना आहे. आपल्या निधीतून शिष्यवृत्ती व बिनव्याजी कर्ज देताना आपण अर्जात गुण विचारतो, उत्पन्न विचारतो, महाविद्यालयाचे नाव विचारतो. त्यात शाखेच्या मानांकनाचा व मुदतीचा एक रकाना वाढवावा. रकाना कोरा राहिला, म्हणून कोणाची मदत अडवू नये; गरजू मुलास घरापासून दूर जाता येत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु तो कोरा का, एवढे अर्ज भरणाऱ्या घराने शोधावे आणि डोळे उघडे ठेवून निर्णय करावा.

पुतण्या गेल्या खेपेस घरी आला, तेव्हा आपल्या धाकट्या बहिणीच्या प्रवेशासाठी तोच महाविद्यालय पाहावयास गेला. आम्ही बरोबर होतो. फाटकावरची पाटी त्याने वाचली नाही. सरळ विभागात गेला आणि मुदतीचे पत्र मागितले. आपल्या प्रत्येक घरातून असाच कोणीतरी त्या विभागात जावा, एवढे मागून आम्ही आपली रजा घेतो.