कामावरचा माणूस
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून)



मला दहा मिनिटं दिली आहेत. विषयही कमिटीनेच दिला, ‘संस्कार आणि कामाची जागा’. सुरुवात माझ्या नोकरीपासून करतो, कारण म्हाताऱ्या माणसाला दुसरं काय येतं!

१९७६ साली मी बँकेत कॅशियर होतो. एका शनिवारी कॅश टॅली होईना. ५०० रुपये कमी. त्या काळी तो माझा जवळपास महिन्याचा पगार. हातपाय गार पडले. मॅनेजर साहेब केबिनमधून उठून माझ्या शेजारी स्टुलावर बसले आणि स्वतः बंडलं मोजायला लागले. रात्रीचे नऊ वाजले. ‘कुठे गेले?’ असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. सोमवारी एक किराणा व्यापारी आपणहून आला. त्याला पाचच्या नोटांच्या बंडलाऐवजी मी दहाच्या नोटांचं दिलं होतं. साहेबांनी तोवर शाखेत कोणाला कळूही दिलं नव्हतं.

पुढे माझी बदली सांगली जिल्ह्यात झाली, तेव्हा किर्लोस्करवाडी पाहिली. लक्ष्मणराव किर्लोस्कर आधी मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असत. हक्काची बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली, म्हणून त्यांनी ती नोकरी सोडली. बेळगावचा कारखाना हलवावा लागला तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला. १९१० ची गोष्ट. निवडुंग आणि साप यांचं राज्य होतं तिथे. त्या माळावर वसाहत उभी करताना लक्ष्मणरावांनी शिवाशिव ठेवली नाही. आणि राखणीला कोण ठेवले? तुरुंगातून शिक्षा भोगून आलेली माणसं. ज्यांना गावात कोणी दारात उभं करत नव्हतं, त्यांच्या हाती कारखान्याची राखण दिली. असं करा म्हणून कोणत्या कायद्याने त्यांना सांगितलं नव्हतं. आपल्यावर झालेला अन्याय काही जण खालच्या माणसावर काढतात. लक्ष्मणरावांनी तो तिथेच थांबवला.

मी मात्र थांबवला नाही. आता ते सांगतो.

मी सोसायटीचा खजिनदार असताना बी विंगमधल्या एका मुलाची सायकल हरवली. मीटिंगमध्ये मीच म्हणालो, वॉचमन काय करत होता? काकांच्या पगारातून तीन महिने ४०० रुपये कापायचा ठराव झाला. सूचक मी. काका काही बोलले नाहीत, व्हाउचरवर सही करून गेले. दिवाळीच्या आधी कळलं, सायकल पोराने क्लासखालीच लावली होती आणि विसरला होता. कापलेले पैसे परत दिले, पण माफी कोणी मागितली नाही. मीही नाही. ज्याच्या शेजारी साहेब स्टुलावर बसले होते, तोच मी. आज तुम्हां सगळ्यांसमोर काकांची माफी मागतो. ते गेटवर आहेत, ड्युटीवर. कार्यक्रम आपला असला तरी गेट सोडता येत नाही ना!

तर आपलं गेट. कामाला येणाऱ्या मावशींच्या पिशव्या आपण जाताना उघडून बघतो. त्यांना पुढची लिफ्ट वापरू देत नाही. याच मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी लढून रविवारची सुटी मिळवली, १८९० साली. आपल्या काकांना २५ वर्षांत आठवड्याची सुटी नाही. गणपतीला गावी गेले तर पगार कापून. कोणाला वाईट वाटेल म्हणून हे स्मरणिकेत छापू नये असं एकाने सुचवलं. मी म्हटलं, छापाच.

काका पुढच्या महिन्यात काम सोडून चिपळूणजवळच्या गावी जाणार आहेत. ग्रॅच्युइटीचा कायदा दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे लागतो. आपल्याकडे थेट पगारावर चारच जण, बाकीचे एजन्सीचे. म्हणजे कायद्याने आपण काहीच देणं लागत नाही. काल रात्री मी उगाच कॅलक्युलेटर घेऊन बसलो. कायदा लागला असता तर? पगार १८,०००. भागिले २६, गुणिले १५, गुणिले २५ वर्षं. २,५९,६१५ रुपये होतात. आपले ७२ फ्लॅट. प्रत्येकी ३,६०६ रुपये. या रौप्यमहोत्सवासाठी आपण प्रत्येकी ५,००० काढले, तेही कुरकुर न करता. बरं, थोडी कुरकुर केली.

माझा चेक सेक्रेटरींकडे दिला आहे. येत्या सर्वसाधारण सभेत दोन ठराव मांडणार आहे. एक या रकमेचा, आणि दुसरा राहिलेल्या तिघांना आठवड्याची भरपगारी सुटी देण्याचा. बदली माणसाचा खर्च महिन्याला प्रत्येक फ्लॅटमागे किती येतो, तो हिशेब नोटीस बोर्डवर लावला आहे. चूक निघाली तर मला ए-४०३ मध्ये येऊन सांगा. सूचक मी आहे, अनुमोदक हवा आहे.