गोल, वाटोळे आणि खोलगट : जयपूरच्या वेधशाळेतील आकारांची नावे

सवाई जयसिंहाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात या नगरीत उभारलेली वेधशाळा पाहावयास इंग्रजी बोलणारा प्रवासी आला, की तिच्या वर्णनासाठी त्याच्या ओठांवर प्रथम शब्द येतो तो ‘राउंड’. त्याच्या भाषेत हा शब्द मोठा सोयीचा आहे. ताटली राउंड, चेंडू राउंड, खांब राउंड आणि लहान मुलाचा गालही राउंड! चाकाच्या लॅटिन नावापासून निघालेला हा शब्द चाकापासून इतका दूर गेला आहे, की त्यावरून वस्तू सपाट आहे की भरीव, हेही समजत नाही. मराठीतील ‘गोल’ या शब्दाची स्थिती याहून बरी नाही. पोळी गोल, लाडू गोल आणि पृथ्वीही गोल. एखाद्या मुलाने हे वाक्य पाठ करून भाकरीसारखी पृथ्वी डोळ्यांपुढे आणली, तर तो दोष मुलाचा म्हणता येणार नाही.

वेधशाळेच्या आवारात मात्र अशा सैल शब्दाने भागत नाही, कारण तेथे आकार हेच यंत्र आहे. नाडीवलय यंत्राची तबकडी, चक्रयंत्राचे धातूचे कडे, मधोमध खांब असलेली रामयंत्राची छप्परविरहित वाटोळी बांधणी, या सर्वांना अनुवादकाने ‘गोल’ म्हटले, तर न पाहिलेल्या वाचकाच्या हाती काहीच लागणार नाही. तबकडी, कडे, वाटोळी भिंत हे घरातले आणि विहिरीवरचे शब्द येथे पारिभाषिक शब्दांहून अधिक काम करतात.

खरी कसोटी लागते ती जयप्रकाश यंत्रापाशी. जमिनीत खोदून बसविलेल्या दोन प्रचंड संगमरवरी वाट्या, असे त्याचे रूप आहे. वाटीचा काठ म्हणजे क्षितिज. काठावरून ताणलेल्या तारांच्या छेदावर एक लहान चकती असते आणि तिची सावली वाटीच्या पृष्ठावर जेथे पडते, तेथे सूर्याचे स्थान वाचावयाचे असते. सूर्य पूर्वेस असता सावली पश्चिमेच्या बाजूस पडते, तो वर चढू लागला की ती तळाकडे उतरते. आकाशाचा घुमट येथे पालथा होऊन पायांखाली आला आहे. निरीक्षकाला आत उतरता यावे म्हणून वाटीचे काही भाग कापून वाट ठेवली आहे. एका वाटीत जो भाग कापला, तो दुसरीत शाबूत असतो. दोन्ही मिळून एक पूर्ण आकाश होते.

आता इंग्रजी पुस्तकात या यंत्राविषयी ‘हॉलो’ हा शब्द आला, तर त्याचे काय करावे? कोशातला पहिला अर्थ ‘पोकळ’. परंतु पोकळ म्हणजे आतून रिकामे; बांबू पोकळ असतो, नारळाची करवंटी फोडण्यापूर्वी आतून पोकळ असते. ‘पोकळ अर्धगोल’ असे वाचून मराठी वाचक बंद घुमटाची कल्पना करील आणि सावली पडते कोठे, हा प्रश्न त्याला अखेरपर्यंत सुटणार नाही. येथे हवा तो शब्द ‘खोलगट’. शाळेतल्या आरशांमुळे रूढ झालेला ‘अंतर्गोल’ हाही अचूक आहे, पण त्याने डोळ्यांपुढे आरसा येतो, वाटी येत नाही. शेजारच्या कपाली यंत्राच्या नावातही असाच एक फसवा वळसा आहे. संस्कृतात कपाल म्हणजे कवटी आणि कवटीसारखे खोलगट पात्रही. मराठी मनुष्य मात्र ते नाव ऐकून प्रथम स्वतःच्या कपाळाला हात लावतो.

या अडचणी आजच्या नाहीत. जयसिंहाच्या पदरी असलेला जगन्नाथ सम्राट हा पंडित महाराष्ट्रीय होता, असे परंपरा सांगते. नसीरुद्दीन तुसीने तेराव्या शतकात सिद्ध केलेल्या युक्लिडच्या अरबी पाठावरून त्याने ‘रेखागणित’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याचे अध्याय 15 आहेत. ग्रीक भाषेत गोलाचे नाव मूळचे चेंडूचे. अरबीतील ‘कुरा’ म्हणजेही चेंडूच. जगन्नाथापाशी मात्र घडीव शब्दांची जोडी सिद्ध होती: सपाट ते वृत्त, भरीव ते गोल. भास्कराचार्यांच्या सिद्धांतशिरोमणीतील एका भागाचे नावच गोलाध्याय आहे. हा भेद संस्कृतात इतका स्वच्छ असताना बोलीत तो का पुसला जावा, याचे नवल वाटते. बोलीने दुसऱ्या अंगाने भरपाई केली आहे, हेही खरे. टपोरा थेंब, गरगरीत वांगे, गुबगुबीत हात, फुगीर पुरी यांतील प्रत्येक विशेषण आकाराबरोबर स्पर्शही सांगते. इंग्रजीतील ‘प्लंप’ला ‘गोल’ म्हणणारा अनुवाद म्हणूनच बेचव होतो. ‘वाटोळे’ हा शब्दही जपून योजावा लागतो, कारण वाक्य जरा चुकले तर विहीर वाटोळी न राहता तिचे वाटोळे होते.

‘कर्व्ह्ड’ या साध्या शब्दाचा सापळा याहून सूक्ष्म आहे. सम्राट यंत्राची उंची सुमारे 27 मीटर. त्याच्या दोन्ही बाजूंच्या कमानी कोणी ‘वक्र’ म्हणून अनुवादिल्या, तर भूमितीच्या दृष्टीने चूक नाही. परंतु ज्योतिषाच्या ग्रंथात ‘वक्री’ म्हणजे उलट चालणारा ग्रह, आणि वक्रदृष्टी तर सर्वांच्या परिचयाची. तेथे ‘बाकदार’ म्हणावे किंवा सरळ ‘वर्तुळाचा चतुर्थांश’ असे सांगावे. त्या बाकावरून सावली तासाला सुमारे 4 मीटर सरकते, आणि त्यावरील सर्वांत बारीक खुणा 2 सेकंदांच्या आहेत.